हागुरो पर्वत: २४४६ पायऱ्यांचं दर्शन आणि तिथल्या वातावरणाचं छायाचित्रण

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर भागात, यामागाता प्रांतात, हागुरो, गास्सान आणि युदोनो हे तीन पवित्र पर्वत आहेत. तिघांना मिळून देवा सान्झान म्हणतात (देवा हे या भागाच्या जुन्या प्रांताचं नाव). परंपरेनुसार सम्राट सुशुन यांचा मुलगा, राजपुत्र हाचिको, याने इ. स. ५९३ मध्ये हे स्थान उघडलं. गास्सान १९८४ मीटर उंच आहे, युदोनो १५०४ मीटर आणि हागुरो अवघा ४१४. उंचीने सगळ्यात लहान असला तरी छायाचित्रकाराने सुरुवात हागुरोपासूनच करावी. तो बाराही महिने खुला असतो, बहुतेक ठिकाणी फोटो काढायला हरकत नसते, आणि खालच्या दारापासून माथ्यापर्यंत २४४६ दगडी पायऱ्यांची सलग वाट सुगी, म्हणजे जपानी देवदाराच्या, प्रचंड वृक्षांच्या राईतून जाते.

या वाटेवर फसतात ते बहुतेक जण उन्हामुळे फसतात. स्वच्छ आकाश बघून, सकाळी अकराच्या सुमाराला, ‘आज मस्त उजेड आहे’ म्हणत ते चढायला लागतात. घरी आल्यावर दिसतं की पायऱ्यांवर पांढरे डाग आहेत, खोडं काळी ठिक्कर पडली आहेत आणि ज्यासाठी गेलो ती गूढ शांतता एकाही फोटोत नाही. दाट राईत ऊन फटींतून ठिपक्यांसारखं पडतं. ठिपका आणि सावली यांच्यातला फरक सहा-सात स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जातो आणि डोळा तो सहज सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते तितकं सहज जमत नाही. इथे ढगाळ, ओलसर, वारा नसलेला दिवस हवा. कॅमेरा कोणता याचा विचार त्यानंतर.

केव्हा जावं

तोहोकू भागात पावसाळी हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत असतो. पर्यटक हा काळ टाळतात, आणि फोटोसाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ तोच. शेवाळं हिरवंगार असतं, दगड ओले असतात, आणि रात्री पाऊस होऊन पहाटे थांबला की राईत धुकं साचून राहतं. ऑक्टोबरच्या अखेरीस ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानगळीचे रंग दिसतात. पण राई मुख्यतः सदाहरित सुगीची आहे, त्यामुळे लाल-पिवळा रंग खालच्या ओढ्याकाठी आणि माथ्याच्या आवारात मिळतो, पायऱ्यांवर तुरळकच. ऑगस्टचा उकाडा भयंकर असतो.

जपानमध्ये सूर्य लवकर उगवतो याचा अंदाज नवख्याला नसतो. जूनच्या अखेरीस इथे सव्वाचारच्या सुमारास उजाडतं, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसहाच्या आसपास. पायऱ्या साधारण पूर्वेच्या दिशेने चढतात, म्हणजे सकाळी सूर्य डोंगरामागे समोर असतो. त्यामुळे सूर्योदयानंतरही बराच वेळ वाटेवर थेट ऊन येत नाही, नुसता मऊ, निळसर उजेड असतो. हे दीड-दोन तास सोन्याचे. पुढे धुकं शिल्लक असताना सूर्य डोंगराच्या वर आला, तर समोरून तिरपे किरण खोडांच्या मधून उतरताना दिसतात. दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि समोरचं दृश्य सपाट दिसायला लागतं.

पहिली बस यायच्या आत पायऱ्यांवर असायचं, तर मुक्काम जवळच हवा.

पोहोचणं आणि मुक्काम

जवळचं मोठं स्टेशन त्सुरुओका. टोकियोहून शिन्कान्सेनने निइगाता सुमारे दोन तासांत, तिथून किनाऱ्याने जाणारी इनाहो एक्स्प्रेस दोन तासांच्या आत त्सुरुओकाला सोडते. हानेदाहून शोनाई विमानतळापर्यंत तासाभराचं विमानही आहे. त्सुरुओका स्टेशनसमोरून शोनाई कोत्सू कंपनीची बस झुइशिनमोन या खालच्या दाराशी सुमारे ४० मिनिटांत पोहोचते, आणि तीच पुढे वळणाच्या रस्त्याने माथ्यापर्यंत जाते. फेऱ्या मोजक्या असतात आणि हिवाळ्यात आणखी कमी होतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ कळावी म्हणून चढायच्या आधी थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवावा.

झुइशिनमोनच्या खाली तोगे नावाची वस्ती आहे. यात्रेकरूंना उतरवणारी घरं, म्हणजे शुकुबो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. इथे राहिलं की पहाटे चालत दाराशी जाता येतं. माथ्यावर देवस्थानाचं स्वतःचं साइकान नावाचं निवासस्थान आहे, तिथे शोजिन र्‍योरी म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेलं जेवण मिळतं, डोंगरातल्या भाज्या, तिळाचा तोफू, अळंबी. साइकानला राहण्याचा फायदा असा की पहाटे वरून खाली उतरताना रिकाम्या पायऱ्या मिळतात. तोटा असा की सगळ्या वाटेचा क्रम उलटा होतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेपेला तोगेत राहावं. कुठेही राहा, संध्याकाळचं जेवण सहाच्या सुमारास आटोपतं, आणि नाश्त्याच्या आधी बाहेर पडणार असाल तर ते आदल्या रात्रीच सांगावं. पहाटे दार उघडायला यजमानाला उठवणं फार वाईट दिसतं.

नाणी आणि सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. दानपेटीत पाच येनचं नाणं टाकायची पद्धत आहे. गोशुइन, म्हणजे देवस्थानाचा शिक्का आणि सुलेखन, घ्यायचं असेल तर तीनशे-पाचशे येन सुटे हवेत.

पाठीवर काय घ्यावं

कमी. एका बाजूची चढण तासाभराची आहे, फोटो काढत गेलं तर अडीच-तीन तासांची. २४–७० किंवा २४–१०५ मिलिमीटरची एक झूम लेन्स बहुतेक कामं करते. दुसरी घ्यायचीच तर ७०–२०० घ्यावी, अतिरुंद कोनाची नव्हे. रुंद लेन्समध्ये खोडं आत झुकतात आणि धुक्याचे थर लांब ढकलले जाऊन नाहीसे होतात. लांब लेन्समध्ये तेच थर एकमेकांवर चढतात आणि राईची खोली दिसते.

बाकी: रबरी टोकांचा ट्रायपॉड, पोलरायझर (चकाकी कमी करणारा) फिल्टर, तीन-चार मायक्रोफायबर कापडं (एक ओलं झालं की ते फक्त पाणी पसरवतं), पावसाचं आवरण, जादा बॅटरी, पाणी. या भागात आशियाई काळं अस्वल आढळतं. पहाटे एकटे जाणार असाल तर बॅगेला छोटी घंटा बांधावी आणि स्थानिक सूचनाफलक वाचावेत. फोटोला माणूस नको म्हणून आपण जी वेळ निवडतो, तीच अस्वलाच्याही सोयीची असते.

बूट पकड असलेल्या मऊ रबरी तळाचे असावेत. ओलं शेवाळ चढलेला दगड साबणासारखा होतो, आणि पायऱ्यांची उंची-रुंदी एकसारखी नाही. लोक पडतात ते उतरताना, आणि बहुतेकदा पडद्यावरचा फोटो बघत उतरताना. नियम सोपा आहे: पाय चालू तर कॅमेरा बंद.

दाराशी

झुइशिनमोनच्या आत पवित्र आवार सुरू होतं. दारापुढे थांबून टोपी काढावी आणि एकदा कमरेतून वाकून नमस्कार करावा. वाटेचा मध्य देवाचा मानतात, म्हणून कडेने चालावं. मधोमध ट्रायपॉड लावून पायऱ्यांची सममितीय चौकट साधण्याचा मोह सगळ्यांना होतो. कोणी नसताना दोन मिनिटांत ती काढावी आणि बाजूला व्हावं.

हात-तोंड धुण्याच्या जागी रीत अशी: उजव्या हातात ओगराळं घेऊन डावा हात धुवायचा, मग डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्यायचं आणि तोंड खळखळून बाजूला सोडायचं. ओगराळं तोंडाला लावायचं नाही. मग डावा हात परत धुवायचा आणि शेवटी ओगराळं उभं करून उरलेल्या पाण्याने दांडा धुऊन पालथं ठेवायचं. हे सगळं एकाच भरलेल्या ओगराळ्यात बसतं. ओगराळी ठेवलेली नसतील तर वाहत्या पाण्याखाली हात धुतले तरी पुरतं.

देवापुढे दोनदा खोल वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, प्रार्थना करायची, आणि एकदा वाकून मागे सरायचं. दर्शन आधी, कॅमेरा नंतर. हा क्रम पाळणाऱ्याकडे पुजारी आणि यात्रेकरू वेगळ्या नजरेने बघतात, आणि पुढे काही विचारायचं झालं तर तो फार उपयोगी पडतो.

या डोंगरावर आज शिंतो देवस्थान आहे, पण शतकानुशतकं इथे शुगेंदो नावाची, बौद्ध आणि शिंतो एकत्र नांदणारी, डोंगरात तप करण्याची परंपरा होती. १८६८ नंतर सरकारने दोन्ही धर्म वेगळे केले आणि १८७२ मध्ये शुगेंदोवर बंदीही आली. परंपरा टिकली. पांढऱ्या वेशातले, शंख फुंकणारे यामाबुशी, म्हणजे या परंपरेचे साधक, आजही दिसतात. ते वेशभूषेतले कलाकार नाहीत, त्यांची साधना चालू असते. पाठमोरे, दुरून, राईच्या चौकटीत लहान दिसतील असे फोटो चालण्यासारखे आहेत. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर ते थांबलेले असताना ‘शाशिन ओ तोत्ते मो इइ देस का’ असं विचारावं. मान हलली नाही तर नाद सोडावा.

ओढ्यापाशी

चढण म्हणून निघालेल्या माणसाला पहिल्यांदा उतारच लागतो. मामाकोझाका नावाच्या पायऱ्या खाली हाराइगावा ओढ्यावर नेतात. पूर्वी यात्रेकरू इथल्या पाण्यात अंग शुद्ध करून पुढे जात. ओढ्यावर लाल लाकडी पूल आहे आणि पलीकडे सुगा धबधबा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, पुलाचा लाल रंग. ढगाळ उजेडात शेंदरी रंगाचा लाल चॅनेल बाकी दोन्हींच्या आधी फुटतो. नुसता उजळपणाचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला आलेख) बघितला तर सगळं ठीक वाटतं आणि नंतर कठडा रंगाच्या सपाट पट्टीसारखा दिसतो, लाकडाचा पोतच उरत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करावा आणि एक्स्पोजर ०.३ ते ०.७ स्टॉप कमी ठेवावं. दुसरी, पाणी. धबधब्याचं दूध करायचं म्हणून लोक चार-पाच सेकंद शटर उघडं ठेवतात. मग काठावरची नेच्याची पानंही वाऱ्याने पुसट होतात आणि पाण्याचा आकार हरवतो. पाव ते अर्ध्या सेकंदात धारा मऊ होतात आणि तरीही त्या धारा आहेत हे कळतं. एवढा वेळ मिळवायला सकाळी बहुधा वेगळा फिल्टर लागत नाही. आयएसओ १००, छिद्र एफ/८ आणि पोलरायझर एवढं पुरतं.

आजोबा सुगी आणि पाच मजली मनोरा

थोडं पुढे जिजी-सुगी, म्हणजे आजोबा सुगी, उभा आहे. वय हजार वर्षांहून अधिक मानतात, खोडाचा घेर आठ मीटरच्या आसपास. जोडीची आजी वादळात पडली. एवढं खोड पूर्ण चौकटीत घ्यायला गेलं की ते साध्या झाडासारखं दिसतं, कारण मोजायला शेजारी काही नसतं. वरचा शेंडा सोडून द्यावा, बुंधा आणि त्याला गुंडाळलेला पवित्र दोर घ्यावा, आणि एका कडेला वाटेवरचा माणूस येऊ द्यावा.

मग पाच मजली मनोरा. उंची सुमारे २९ मीटर, राष्ट्रीय संपत्ती म्हणून घोषित. मूळ मनोरा दहाव्या शतकात ताइरा नो मासाकादो या सरदाराने बांधला असं सांगतात, आजचा १३७२ च्या सुमाराचा. रंग दिलेला नाही. लाकूड काळाने राखाडी झालेलं आणि छपरं पातळ लाकडी फळ्यांची, त्यामुळे तो राईतून उगवल्यासारखा दिसतो. मुळात तो बौद्ध वास्तूचा प्रकार. धर्मविभाजनाच्या काळात डोंगरावरच्या कितीतरी बौद्ध वास्तू गेल्या, हा राहिला. लाकडी छपरं काही दशकांनी बदलावी लागतात आणि तेव्हा सगळ्या वास्तूभोवती परांच्या उभ्या राहतात. खास याच्यासाठी जाणार असाल तर दुरुस्तीचं काम चालू नाही ना, हे देवस्थानाच्या सूचनांत आधी बघावं.

मनोऱ्याचा फोटो हा खरं तर भूमितीचा प्रश्न आहे. जवळ जाऊन कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत कलतात आणि मनोरा मागे पडतोय असं वाटतं. कलू द्यायच्या नसतील तर कॅमेरा जमिनीला समांतर हवा, आणि मग अंतराचा हिशेब असा येतो: फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून, डोळ्याच्या उंचीवरून, २४ मिलिमीटरला शेंडा चौकटीत यायला सुमारे ३७ मीटर मागे जावं लागतं. २० मिलिमीटरला ३१ मीटर, ३५ मिलिमीटरला ५३ मीटर. एवढं मागे गेलं की झाडं आड येतात. आड येऊ द्यावीत. दोन खोडांच्या मधून अर्धवट दिसणारा मनोरा समोरून पूर्ण घेतलेल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस असतो, कारण तो राईत आहे हे त्यातच कळतं. पूर्ण हवाच असेल तर कॅमेरा थोडा झुकवून चारही बाजूंना मोकळी जागा ठेवून घ्यावा आणि उभ्या रेषा संगणकावर सरळ कराव्यात. कडा कापल्या जाणार हे गृहीत धरावं.

छपरांच्या पुढे आलेल्या कडांखाली गडद सावली असते आणि वर फटीतून पांढरं आकाश. आकाश चौकटीत जितकं कमी, तितकं बरं. ७०–२०० ने दोन-तीन मजल्यांच्या कडा तेवढ्या घ्याव्यात, तिथे लाकडाचे जोड आणि थरावर थर दिसतात.

तीन चढणी

मनोऱ्यापासून खरी चढण. इचि-नो-साका, नि-नो-साका, सान-नो-साका, म्हणजे पहिली, दुसरी आणि तिसरी. दुसरी सगळ्यात खडी. दंतकथेतला बलदंड भिक्षू बेनकेइ देवाला तेल घेऊन जाताना इथे धापा टाकत तेल सांडून बसला म्हणे, म्हणून तिला तेलसांडी चढण असंही म्हणतात. तिच्या माथ्यावर चहाचं दुकान आहे, बर्फाचे महिने सोडून उघडं. तिथे मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, खावा आणि शोनाईच्या मैदानाकडे बघत दम घ्यावा. पायऱ्या १७ व्या शतकात तेन्यू या हागुरोच्या तेव्हाच्या धर्मप्रमुखाने बसवून घेतल्या. दोन्ही बाजूंचे चारशेहून अधिक सुगी साडेतीनशे ते पाचशे वर्षांचे आहेत. पायऱ्यांच्या दगडांत पेला, भोपळा, कमळ अशी ३३ चित्रं कोरलेली आहेत, आणि सगळी सापडली तर इच्छा पूर्ण होते असा समज. ती टिपायला ओला दगड आणि बाजूने येणारा उजेड हवा. वरून सरळ घेतलं तर रेषा दिसत नाहीत, कॅमेरा दगडाच्या जवळ आणून तिरपा धरावा.

पायऱ्या खालून आणि वरून वेगवेगळ्या दिसतात. खालून वर बघताना पायऱ्यांच्या उभ्या बाजू दिसतात, गडद, शेवाळी, भिंतीसारख्या. वरून खाली बघताना सपाट माथे दिसतात, आणि ते ओले असले की त्यांच्यात आकाशाचा उजेड चमकतो. पायऱ्यांची वळणारी चंदेरी रेघ हवी असेल तर ती वरूनच मिळते. म्हणून चढताना दर शंभरेक पायऱ्यांनी मागे वळून बघावं. बहुतेक जण माथा गाठेपर्यंत वळतच नाहीत.

पोलरायझर इथे जपून वापरावा. पूर्ण फिरवला की नेच्याची चकाकी जाऊन हिरवा रंग खुलतो, हे खरं. पण तोच फिल्टर दगडावरची चमकही खातो, आणि पायऱ्या त्या चमकेनेच दिसत असतात. हिरवळ मुख्य असेल तर फिरवावा, दगड मुख्य असेल तर परत आणावा, आणि धुक्यात काढूनच ठेवावा. दीड-दोन स्टॉप उजेड उगाच जातो.

आकडे

सकाळच्या ढगाळ राईत, आयएसओ १०० आणि एफ/८ ला साधारण एक सेकंद येतो. ट्रायपॉड असेल तर तसंच घ्यावं, दोन सेकंदांच्या टायमरने. वारा असेल तर आयएसओ ८०० ला १/८ सेकंद, म्हणजे पानं थोडी तरी थांबतात. हातात धरून काढायचं असेल तर आयएसओ १६०० आणि एफ/४ ला १/६० मिळतो, आजच्या कॅमेऱ्यांत एवढ्या दाण्याची काळजी करू नये. हललेला फोटो दाणेदार फोटोपेक्षा नेहमीच वाईट.

३५ मिलिमीटर आणि एफ/८ ला पाच मीटरवर फोकस केलं की अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट राहतं. धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो. एकच बिंदू निवडून तो खोडाच्या उभ्या कडेवर ठेवावा, पायरीच्या मध्यावर नाही.

धुकं मीटरला फसवतं. पांढरट दृश्य तो राखाडी करतो आणि फोटो मळकट येतो. ०.७ ते १ स्टॉप वाढवावा. उलट, किरण उतरत असताना सूर्य खोडामागे लपवून एक स्टॉप कमी करावा, नाहीतर किरणांचा नुसता पांढरा पडदा होतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर हिरव्यागार चौकटीत तो प्रत्येक फोटोला वेगळा किरमिजी रंग चढवतो. डेलाइटवर, ५२०० ते ५६०० केल्विनच्या आसपास, पक्का करावा. पहाटेचा निळेपणा राहू द्यावा, तो तिथे खरोखरच असतो.

फ्लॅश वापरू नये. यात्रेकरूंना त्रास होतो हे एक, आणि हवेतले थेंब उजळून फोटोभर पांढरे गोळे उमटतात हे दुसरं.

ट्रायपॉडचे पाय शेवाळावर रोवू नयेत, बिछायत एकदा फाटली की भरायला वर्षं लागतात. दगडावर, कडेला, एका पायरीवर दोन आणि वरच्या पायरीवर एक असे ठेवावेत. माणसं येत असतील तर मिटवून घ्यावा.

मोबाइलवाल्यांसाठी तीन गोष्टी पुरेत. अतिरुंद लेन्स विसरा, मुख्य किंवा दुप्पट झूमची वापरा. उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा, कारण फोन सावल्या जबरदस्तीने उजळतो आणि राईचा गूढपणा तिथेच संपतो. रात्रीचा मोड आपोआप चालू झाला तर फोन कठड्याला टेकवा, तीन सेकंद हात स्थिर राहत नाही.

माथ्यावर

माथ्यावरचं मुख्य मंदिर सान्जिन गोसाइदेन. तिन्ही पर्वतांचे देव इथे एकत्र पुजले जातात, कारण बाकी दोन पर्वत हिवाळ्यात बर्फाखाली बंद असतात. आजची वास्तू १८१८ ची, गवती छपराची जाडी दोन मीटरहून जास्त. छपराची ही जाडी समोरून कळत नाही. कोपऱ्यापाशी उभं राहून, कडेचा कापलेला थर दिसेल असा फोटो घ्यावा. समोर कागामी-इके, म्हणजे आरशांचं तळं. जुन्या काळी भाविकांनी अर्पण केलेले शेकडो धातूचे आरसे त्यातून मिळाले आहेत. जवळची मोठी घंटा १२७५ ची.

बाहेरून फोटो घ्यायला अडचण नसते, पण आतल्या सभागृहात, विशेषतः विधी चालू असताना, कॅमेरा खाली. फलक बघावेत, शंका असेल तर शिक्के देणाऱ्या खिडकीवर विचारावं. ड्रोनचा विचारच करू नये. १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनची नोंदणी जपानमध्ये जून २०२२ पासून सक्तीची आहे, आणि नोंदणी असली तरी देवस्थानाच्या परवानगीशिवाय आवारावरून उडवणं गैरच.

उतरताना वाटेत उजवी-डावीकडे फाटे दिसतील. त्यांतला एक मिनामिदानीला जातो. १६८९ मध्ये कवी मात्सुओ बाशो तिथल्या मठात उतरले होते. आता तिथे जोती, तळं आणि शेवाळं एवढंच आहे. वाट चिखलाची असते, माणूस क्वचित भेटतो. मुख्य पायऱ्यांवर गर्दी वाढली की इकडे वळावं.

बर्फात

डिसेंबरपासून पायऱ्यांवरचा बर्फ काढत नाहीत. पायऱ्या बुजून नुसती उतरण होते, म्हणून खिळे असलेल्या साखळ्या किंवा बर्फात चालायचे रुंद बूट लागतात. सवय नसेल तर मनोऱ्यापर्यंत जाऊन परतावं, हिवाळ्यातला सगळ्यात चांगला फोटो तसाही तिथेच आहे. एक्स्पोजर १ ते १.७ स्टॉप वाढवावं, नाहीतर बर्फ राखाडी येतो. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावी. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावावी आणि तासभर उघडू नये, म्हणजे बाष्प बॅगेवर जमतं, लेन्सच्या आत नाही. उन्हाळ्यात हेच उलट होतं: वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर काच धुरकट होते, तेव्हा निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा बाहेर ठेवावा.

बाकीचे दोन पर्वत

गास्सान जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि सप्टेंबरमध्ये मिटतो. आठव्या टप्प्यापर्यंत गाडीने जाता येतं. तिथल्या मिदागाहारा पाणथळीत लाकडी फळ्यांची वाट, छोटी तळी आणि उन्हाळ्यातली रानफुलं आहेत, फोटोंसाठी उत्तम. माथ्यापर्यंत आणखी अडीच-तीन तासांची डोंगरचाल लागते. माथ्यावरच्या मंदिरात शुद्धीचा विधी करूनच आत सोडतात. आत कॅमेरा काढू नये.

युदोनोला मोठ्या लाल तोरी कमानीपर्यंत हवे तेवढे फोटो काढावेत. त्यापुढे मंदिराच्या आवारात छायाचित्रणाला पूर्ण बंदी आहे. तिथे बूट-मोजे काढून अनवाणी जायचं असतं, आणि आत जे दिसतं ते कुणाला सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, अशी जुनी रीत आहे. म्हणून इथेही सांगत नाही. कॅमेरा बॅगेत घालून चेन लावावी, गळ्यात लटकवूनही ठेवू नये. फोन खिशात, बंद.

परत आल्यावर

संपादनात सगळ्यात मोठी चूक म्हणजे सावल्या वर ओढणं. राईत जिथे अंधार होता तिथे अंधारच राहू द्यावा. काळ्याची पातळी थोडी वर, कॉन्ट्रास्ट मध्यम छटांपुरता, आणि ‘डीहेझ’ला हात लावू नये, ज्या धुक्यासाठी पहाटे उठलो तेच तो पुसून टाकतो. हिरव्याची संपृक्तता दहा-पंधरा अंकांनी कमी करून तो किंचित पिवळ्याकडून निळ्याकडे न्यावा, शेवाळ प्लास्टिकसारखं दिसणं थांबतं. मालिका लावायची तर चालण्याच्या क्रमाने लावावी: दार, ओढा, मनोरा, चढणी, माथा.

स्वतःच्या पानावर फोटो टाकणं आणि विकणं यांत फरक आहे. जाहिरात, कॅलेंडर, फोटो विक्रीची संकेतस्थळं किंवा लग्नाचे आणि मॉडेलचे फोटो यांसाठी देवस्थानाच्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्यावी. अर्जात तारीख, माणसांची संख्या, सामान आणि फोटो कुठे वापरणार हे स्पष्ट लिहावं. जपानी भाषेत लिहिलेला अर्ज लवकर हलतो, आणि ३१ ऑगस्टच्या हास्साकु उत्सवाच्या किंवा ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या शोरेइसाइच्या आसपासच्या तारखा मागू नयेत.